तापीची पातळी आणि शाळेतला आलेख

सुरतेच्या होप पुलापाशी तापीचे पाणी साडेनऊ मीटरांवर चढले की धोक्याची पातळी ओलांडली, असे मानतात. १९६८ सालच्या महापुरात ते १२.०८ मीटरांपर्यंत गेले होते. त्या वेळी नदीतून सेकंदाला सुमारे साडेपंधरा लाख घनफूट पाणी वाहत होते. पुढे १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि पुराचे भय आता सरले, अशी सुरतकरांची समजूत झाली. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच धरणातून सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले, शहराचा बहुतांश भाग बुडाला, आणि होप पुलापाशी पातळीची नोंद झाली १२.४० मीटर. म्हणजे १९६८ च्या मानाने पाणी सहा लाख घनफुटांहून अधिक कमी, पातळी मात्र एका फुटाने जास्त!

हे आकडे कोणी दडवून ठेवलेले नाहीत. अभियंत्यांच्या निबंधांत ते कोष्टकाच्या रूपाने वारंवार छापले गेले आहेत. परंतु कोष्टकातला आकडा हा झोपलेला आकडा असतो. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली लाखो मराठी माणसे राहतात. ज्या नदीच्या काठी त्यांची गावे होती तीच नदी त्यांच्या नव्या घरापाशी समुद्राला मिळते. यांपैकी किती जणांच्या दृष्टीस हे दोन आकडे शेजारी शेजारी पडले असतील? नववीतल्या एखाद्या मुलीने आलेखाच्या कागदावर १९६८ आणि २००६ असे दोन जोडस्तंभ काढावेत, वाहत्या पाण्याला निळा रंग द्यावा, पातळीला तांबडा द्यावा, आणि ते चित्र भिंतीवर लावावे. पाहणारा क्षणभर थांबेल आणि विचारील, "पाणी कमी होते, तर पूर मोठा कसा?" हा प्रश्न शाळेत विचारला जावा, एवढ्यासाठीच आजचे हे लेखन आहे.

ज्याला हल्ली 'इन्फोग्राफिक' म्हणतात, त्याला आम्ही माहितीचित्र म्हणू. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. इंग्लंडात विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी दाखविले, तेव्हापासून ती छापील जगात वावरते आहे. आमच्या घरांत तर तिची पूर्वतयारी त्याहून जुनी. ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी समान अंतरावर ठिपके मांडते, ओळी मोजते आणि ठिपका चुकला की सबंध आकृती बिघडते हे जाणते. तिला आलेखाचा कागद परका वाटण्याचे कारण नाही. तो परका वाटतो, याचे कारण शाळेत आहे.

महाराष्ट्रातील नववी-दहावीच्या गणितात सांख्यिकीचे प्रकरण आहे. विभाजित स्तंभालेख, शतमान स्तंभालेख, आयतालेख, वृत्तालेख ही सारी मंडळी तेथे हजर आहेत. गुजरातेतील विद्यार्थीही याच वाटेने जातो. उणीव आशयाची नाही, हेतूची आहे. आकडे पुस्तकातले, तेही बहुधा 'एका गावातील' किंवा 'एका कारखान्यातील'. त्या गावाला नाव नसते आणि कारखान्याला पत्ता नसतो. मूल प्रमाण ठरवते, अक्ष आखते, स्तंभ रंगवते, कडेला 'प्रमाण' असे लिहिते आणि गुण मिळवून मोकळे होते. त्या आलेखाने काय सांगितले, हे त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी सांगता येणार नाही. कारण त्या आकड्यांमागे कोणाचे घर बुडालेले नसते.

याउलट एक उदाहरण आहे. १९०० साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीची ओळख करून देणारे एक दालन होते. त्या दालनासाठी अटलांटा विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून सुमारे साठ चित्रे तयार केली. शाई, रंग, पट्टी आणि कागद, याखेरीज साधन नव्हते. जॉर्जिया प्रांतातील कृष्णवर्णीयांच्या हाती जमीन किती आली, त्यांच्यातील साक्षरता कशी वाढली, घरखर्चात अन्नावर किती जाते आणि भाड्यावर किती, ही सारी माहिती लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या पट्ट्यांतून मांडलेली होती. काही स्तंभ कागदात मावेनात, म्हणून त्या तरुणांनी ते गोगलगाईच्या शिंपल्यासारखे आत आत वळवले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पस्तीस वर्षेच झाली होती. या समाजात कर्तृत्व नाही असे म्हणणाऱ्या जगाला त्यांनी भाषणाने उत्तर दिले नाही. त्यांनी मोजले, आणि मोजलेले रंगवून भिंतीवर टांगले. शिकणाऱ्या तरुण हातांनी काढलेल्या माहितीचित्रांचे याहून तेजस्वी उदाहरण आमच्या माहितीत नाही.

आणि आपणांस तरी अशी परंपरा नाही असे का मानावे? दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचे दारिद्र्य शब्दांनी वर्णिले असते तर विलायतेत ते करुणरसाचे व्याख्यान ठरले असते. त्यांनी दरमाणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपये असा हिशेब मांडला आणि सरकारी आकडेतज्ज्ञांना त्याचे उत्तर शोधणे भाग पडले. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. याच गृहस्थांनी मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात सरकारी अंदाजपत्रकातील शिलकेची फोड करून दाखविली. दुष्काळाने गांजलेल्या देशात तिजोरीत शिल्लक उरते ती सुबत्तेमुळे नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले.

पण सुरतेच्या संदर्भात सर्वांत जवळचे उदाहरण बारडोलीचे. तो तालुका तेव्हा सुरत जिल्ह्यातला. सरकारने शेतसाऱ्यात २२ टक्के वाढ लादली आणि १९२८ साली वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारले. जप्त्या झाल्या, म्हशी लिलावात गेल्या, घरांना कुलपे लागली. हा भाग आपण भक्तिभावाने आठवतो. मात्र शेवटी सरकारला ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांकडून चौकशी करवावी लागली. त्यांनी गावोगाव जाऊन खंडाच्या नोंदी तपासल्या. ज्या आकड्यांवर वाढ बेतली होती ते आकडेच भरवशाचे नव्हते, आणि न्याय्य वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच होती, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. बावीस आणि सहा! बारडोलीच्या विजयाचे हे दोन स्तंभ कोणत्या शाळेच्या भिंतीवर आहेत? सरदारांची तसबीर मात्र सर्वत्र आहे.

आता शिकवायचे कसे, याविषयी. संगणकावर तयार नमुने मिळतात, आणि आता तर यंत्राला दोन ओळींत सांगितले की क्षणात रंगीत चित्र पुढे येते. त्यामुळे 'चित्र काढणे' ही गोष्ट शिकविण्याजोगी उरलेली नाही, असे कोणी म्हणेल. आमचे मत नेमके उलट आहे. चित्र फुकट मिळू लागले, म्हणूनच ते खरे की खोटे हे ओळखण्याची गरज वाढली. आणि ज्याने स्वतः पट्टीने एकदा स्तंभ आखला आहे त्याच्याच ध्यानी येते की अक्ष कोठून सुरू करायचा, या एका निर्णयात केवढी सत्ता आहे.

तापीचेच चित्र घ्या. पातळीचा स्तंभ शून्यापासून काढला तर १२.०८ आणि १२.४० यांतला फरक डोळ्यांना जेमतेम दिसेल, कारण तो तीन टक्क्यांहूनही कमी आहे. अक्ष अकरा मीटरांपासून सुरू केला तर तोच फरक अक्राळविक्राळ दिसेल. मग प्रामाणिक चित्र कोणते? वर्गात यावर एक तास वाद झाला तरी तो वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या मते येथे साडेनऊ मीटरांची धोक्याची रेषा हाच खरा पाया. तिच्यावर १९६८ साली २.५८ मीटर पाणी होते, २००६ साली २.९० मीटर. परंतु पाया तेथे का धरला, हे चित्राखाली ठसठशीत लिहिले पाहिजे. लिहिले नाही तर तो डाव होतो.

एवढ्यावर भागत नाही. १९६८ साली धरण नव्हते, २००६ साली होते. होप पुलापर्यंत खाडीच्या भरतीचा परिणाम पोहोचतो. ज्या घटकेला पूर आला त्या घटकेला समुद्राला भरती होती की ओहोटी, हे पाहावे लागते. किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. मधल्या काळात पात्रात गाळ साचला, काठ आवळले गेले, नदीवर बंधारा झाला, पूरमैदानात वस्ती चढली. यांतल्या कशाचा वाटा किती, हे दोन स्तंभांवरून कळत नाही. चित्र प्रश्न उभा करते, उत्तर देत नाही. हा भेद चौदाव्या-पंधराव्या वर्षी अंगी मुरला तर तो नागरिक सहसा फसत नाही. १९९८ सालचा पूर मध्ये ठेवला (पाणी सुमारे सात लाख घनफूट, पातळी ११.४० मीटर) तर प्रश्न आणखी धारदार होतो, तेही मुलांनीच शोधून काढावे.

असाच दुसरा धडा शहराच्या लोकसंख्येचा. १९९१ साली सुमारे पंधरा लाख, २००१ साली चोवीस लाखांवर, २०११ साली चव्वेचाळीस लाखांवर. रेषा कशी उभीच्या उभी चढते! पण २००६ साली महानगरपालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर गेली. वाढीचा काही भाग माणसे आल्यामुळे आहे आणि काही भाग गावेच शहरात आल्यामुळे. ज्या आलेखाखाली ही तळटीप नाही, तो आलेख अर्धसत्य सांगतो. २०२१ ची जनगणना ठरल्या साली झालीच नाही, तेव्हा त्या जागी रेषा ओढून न नेता कोरी जागा सोडणे, हाही शिक्षणाचाच भाग.

तिसरी खोच अधिक सूक्ष्म आहे. उत्पादन दुप्पट झाले हे दाखविण्यासाठी मुले कापडाच्या तागाचे चित्र दुप्पट उंच काढतात. मग रुंदीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होते, आणि पाहणाऱ्याच्या मनावर चौपटीचाच ठसा उमटतो. व्हिएन्नात १९२५ नंतर ओटो नॉयराट यांनी सामान्य कामगारांसाठी जी चित्रभाषा घडविली तिचा पहिला नियमच हा होता की आकृती मोठी करायची नाही; तीच आकृती पुन्हा पुन्हा काढायची. एक तागा म्हणजे अमुक इतके, दोन तागे म्हणजे त्याच्या दुप्पट. इतका साधा नियम, पण तो न पाळणारी चित्रे वृत्तपत्रांत रोज दिसतात. या बाबतीत आम्हां वृत्तपत्रवाल्यांचे हात स्वच्छ आहेत, असा दावा आम्ही करीत नाही. निवडणुकीच्या दिवसांत शंभर टक्क्यांचे वर्तुळ एकशे सातावर जाऊन पोहोचल्याचे आम्हीही छापून बसलो आहोत, आणि चूक दाखविणारे पत्र एका शाळकरी वाचकाचे होते.

सुरतेचेच नाव आम्ही पुन्हा पुन्हा का घेतो, असे कोणी विचारील. मोजण्याने आणि न मोजण्याने काय होते, याचे दोन्ही धडे त्या शहराने सोसून घेतले आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांतच लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. त्यांत आपल्या खानदेशाकडे परतलेले कामगारही होते. मृतांची संख्या पन्नाशीच्या आसपास राहिली, पण त्या वेळी कोणत्या पेठेत किती आजारी आहेत याचे विश्वसनीय चित्र लोकांपुढे नव्हते. ती पोकळी अफवेने भरून काढली. लंडनमध्ये १८५४ साली डॉक्टर जॉन स्नो याने पटकीने दगावलेल्यांच्या घरांवर नकाशात खुणा केल्या, आणि त्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. अशी एखादी खूण सुरतेच्या भीतीलाही वळण देऊ शकली असती. पुढल्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले, अधिकारी खुर्ची सोडून रस्त्यावर उतरले, कचरा आणि आजार यांच्या नोंदी नित्याच्या झाल्या. ज्या शहराच्या घाणीची देशभर चर्चा झाली होती, ते २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले ठरले.

दुसरी आठवण लिहिताना लेखणी अडखळते. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागातील एका व्यापारी इमारतीत आग लागली. वर शिकवणीचा वर्ग चालू होता. बावीस कोवळ्या जिवांचा बळी गेला, आणि मुले खिडक्यांतून उड्या टाकतानाची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. त्या मुलांना शिकवणीत आलेख, समीकरणे, आकृत्या सारे शिकविले जात असेल. आपण बसलो आहोत त्या खोलीतून बाहेर पडण्याचे मार्ग किती, जिना किती रुंद, दार कोणत्या बाजूला उघडते, याची आकृती मात्र त्यांच्याकडून कोणी काढून घेतली नव्हती. हा मुलांचा दोष नव्हे, आणि अशा आकृतीने आग विझली असती असेही नव्हे. परंतु आपल्या शाळेचा असा नकाशा काढणाऱ्या मुलाला 'बाहेर जाण्याचा दुसरा मार्ग नाही' हे कागदावर प्रथम दिसेल, आणि तो घरी जाऊन सांगेल. घरातली मोठी माणसे मग शाळेत येऊन विचारतील.

येथेच खरी अडचण आहे, आणि ती अभ्यासक्रमाची नाही. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे हे आम्हांस ठाऊक आहे; निवडणुकीची कामे आणि नाना प्रकारच्या माहितीचे तक्ते भरता भरता त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. त्यांच्या माथी आणखी एक विषय मारावा, असे आमचे म्हणणे नाही. गणिताच्या शिक्षकाने प्रमाण पाहावे, भूगोलाच्या शिक्षकाने नकाशा, भाषेच्या शिक्षकाने शीर्षक आणि तळटीप, चित्रकलेच्या शिक्षकाने रंग. वर्षाकाठी एकच चित्र, पण स्वतः गोळा केलेल्या आकड्यांचे. त्याला लागतात तो पट्टी, पेन्सिल आणि आलेखाचा कागद. खर्चाची सबब पुढे करणाऱ्यांना आम्ही ऐकून घेणार नाही.

खरी अडचण ही की मुलांनी खरे आकडे गोळा केले तर ते कोणाला तरी टोचणार. वॉर्डात नळाला पाणी किती मिनिटे येते, याचा आलेख नगरसेवकाला आवडणार नाही. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृहे किती आणि मुली किती, हे चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लागले तर संस्थाचालकांच्या कपाळावर आठी पडेल. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीपैकी मूर्तीला किती, मंडपाला किती आणि ध्वनिक्षेपकाला किती, याचा वृत्तालेख मांडवाच्या दारी लावण्याची कल्पना आम्ही एका उत्साही कार्यकर्त्यापुढे मांडली, तेव्हा त्यांनी हसून विषय बदलला. त्या हसण्याचा अर्थ आम्ही समजलो. म्हणूनच शाळा 'एका गावातील' आकडे सुरक्षित मानतात. निनावी गावातून कोणी भांडायला येत नाही.

शिक्षण खात्याने, सुरतेच्या असो वा आमच्या किनाऱ्यावरच्या, या बाबतीत एवढेच करावे: महानगरपालिका, नगरपालिका, पाटबंधारे आणि आरोग्य खाती यांच्याकडील साधे आकडे शाळांनी मागितले तर ते विनाअट मिळतील, आणि मुलांनी काढलेल्या चित्राबद्दल कोणत्याही शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, असे एक परिपत्रक काढावे. बाकीचे काम मुले करतील. सुरतेत महानगरपालिकेच्या शाळा मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा विविध माध्यमांतून चालतात. तेथे तर माहितीचित्राला विशेष मोल आहे. उडिया मुलाचे वडील मराठी शाळेच्या भिंतीवरचा निबंध वाचू शकणार नाहीत. पाण्याचा निळा स्तंभ त्यांना वाचता येईल.

जाता जाता एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ज्या होप पुलापाशी तापीची उंची मोजतात, तो ज्या थिओडोर होप यांच्या नावाचा आहे, त्यांच्याच नावाची वाचनमाला एकोणिसाव्या शतकात गुजराती मुलांच्या पिढ्यांनी शाळेत वाचली. पाठ्यपुस्तक आणि पूरपातळी असे एका नावाखाली आले, पण शाळेच्या वर्गात त्यांची गाठ काही अद्याप पडली नाही.

आणि आमच्या कोकणपट्टीचे काय? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडविले. त्याआधी जुलै २००५ मध्येही बुडविले होते. कोणत्या आळीत कोणत्या वर्षी पाणी किती चढले, हे सरकारी कागदावर निळ्या आणि तांबड्या रेषांनी आखले गेले आणि त्या रेषांवरून वाद झाले. परंतु शाळेतल्या मुलांनी टेप घेऊन, घराघरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून, 'पाचमध्ये कोणत्या पायरीपर्यंत होते आणि एकवीसमध्ये कोणत्या?' अशी नोंद केली आणि आपल्या गावाचा नकाशा रंगविला, तर त्या वादात एक तटस्थ साक्षीदार उभा राहील. भिंतींना नवे रंग लागत आहेत, पाण्याच्या खुणा त्यांखाली जात आहेत, आणि पायरी सांगणारी माणसेही आता सत्तरीच्या पुढची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत हे काम होण्यासारखे आहे.